ओळखीच्या चेहऱ्यावरचा संशय

गुन्हेविषयक मालिका नेमाने पाहणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. फारशा परिचित नसलेल्या कलाकारांत एखादा नामवंत पाहुणा शेजाऱ्याच्या भूमिकेत सहज डोकावून गेला, तर शेवटी खुनी बहुधा तोच निघतो; एवढ्या मोठ्या नटाला नुसती साक्ष द्यायला कोण बोलावणार?

‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेने या अडचणीवर काढलेला तोडगा मला आजही सर्वांत हुशारीचा वाटतो. खून कोणी केला हे तिथे सुरुवातीलाच दाखवत असल्यामुळे पाहुण्याच्या कीर्तीने रहस्य फुटत नाही. उलट पीटर फॉक यांनी साकारलेल्या, चुरगळलेल्या रेनकोटातल्या पोलीस लेफ्टनंटसमोर तोडीस तोड प्रतिस्पर्धी उभा राहतो. त्यामुळे त्याच नटांना पुन्हा बोलावण्यातही काही बिघडत नसे. जॅक कॅसिडी आणि रॉबर्ट कल्प प्रत्येकी तीनदा खुनी झाले, तर पॅट्रिक मॅगूहन चारदा. मॅगूहन यांनी पाच भाग दिग्दर्शित केले आणि याच मालिकेतील अभिनयासाठी १९७५ व १९९० मध्ये एमी पुरस्कारही पटकावले. (कॅसिडी यांचा १९७१ मधला पहिला भाग दिग्दर्शित करणारे स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते.)

‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये पाहुणे घरचेच होऊन जात. १९९१ मध्ये बचाव पक्षाचे वकील म्हणून आलेले जेरी ऑरबाख पुढच्याच वर्षी डिटेक्टिव्ह ब्रिस्को झाले. पहिल्या पर्वात शोकाकुल आई साकारणाऱ्या एस. एपेथा मर्करसन १९९३ पासून डिटेक्टिव्ह पथकाच्या प्रमुख म्हणून दिसू लागल्या.

‘मर्डर, शी रोट’मधील पाहुण्यांमागचे कारण मात्र निराळे होते. अभिनेत्यांच्या संघटनेचा आरोग्य विमा टिकवायचा तर ठरावीक किमान कमाई दाखवावी लागते, आणि हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील अनेक वृद्ध कलाकारांना तेवढे काम मिळत नव्हते. मालिकेच्या प्रमुख अभिनेत्री अँजेला लॅन्सबरी यांनी अशांना आवर्जून भूमिका दिल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर असलेल्या अभिनेत्री मॅडलिन ऱ्यू यांचा विमा बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्यासाठी गावच्या ग्रंथपालाचे पात्रच नव्याने लिहिले गेले. परिणामी एकेका भागात जुने, ओळखीचे चेहरे इतके जमत, की प्रसिद्धीवरून खुनी हेरण्याची प्रेक्षकांची युक्ती या मालिकेपुरती तरी निरुपयोगी ठरली.