तुम्ही विचारलंत म्हणून : कोंबडीचे दात

मी अनुवाद करते हे कळले की इंग्रजी कथा वाचणारी मंडळी मला हमखास विचारतात, की कोंबडीला दातच नसतात, तर मग 'स्केअर्स अ‍ॅज हेन्स टीथ' (कोंबडीच्या दातांइतके दुर्मीळ) हा वाक्प्रचार 'फार थोडे' अशा अर्थाने कसा चालतो, आणि मराठीत त्याला काय म्हणावे.

शंका रास्त आहे. कोंबडी दाणे सबंध गिळते आणि पोटात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने, ते दळते. शब्दशः पाहिले तर हा वाक्प्रचार 'शून्य' एवढेच सांगतो. परंतु एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झालेल्या या बोलीचा प्राण अतिशयोक्ती हा आहे. 'नाहीच' असे म्हणून तिला 'मिळता मिळत नाही' हे सुचवायचे असते. जुन्या ट्रॅक्टरचे सुटे भाग, परवडणारे भाड्याचे घर, अशी जी वस्तू कोणाला तरी हवी आहे आणि शोधूनही सापडत नाही, तिच्याविषयीच हे बोलले जाते. डास कमी झाले म्हणून कोणी कोंबडीच्या दातांची आठवण काढत नाही. बोलण्यात आणि कथेतल्या संवादात तो शोभतो, सरकारी अहवालात नाही.

एका कथेत शेतकरी जुन्या ट्रॅक्टरचा गिअर शोधत असतो; तिथे हा वाक्प्रचार मराठीत आणताना मी एकदा 'शशशृंग' लिहिले, आणि ती चूक मला अजून बोचते. सशाचे शिंग हे आपल्या शास्त्रग्रंथांत मुळातच नसलेल्या वस्तूचे उदाहरण आहे, आणि त्या कथेतल्या शेतकऱ्याला तर शेवटी भंगारात गिअर सापडतो. शिवाय कोंबडीचे दात तितके अशक्यही नाहीत : एका जनुकीय दोषामुळे अंड्यातच दगावणाऱ्या कोंबडीच्या भ्रूणांत मगरीच्या दातांसारखे अंकुर फुटतात, असे संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. 'उंबराचे फूल' अधिक जवळचे आहे, कारण ते असते, फक्त आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत दडलेले असते; मात्र ते आपण बहुधा क्वचित भेटणाऱ्या माणसाला म्हणतो. ज्यात गरज, शोधाशोध आणि गावाकडची अतिशयोक्ती ही तिन्ही आहेत, असा शब्दप्रयोग आपल्या रोजच्या बोलण्यातच होता, आणि आज मी ते वाक्य असे लिहीन : 'त्या ट्रॅक्टरचा गिअर आता औषधालाही मिळत नाही.'