खिडकी लाव आधी

"खिडकी लाव आधी," कोळंबीची पिशवी उघडताच सासूबाई म्हणाल्या; वास शाकाहारी शेजाऱ्यांकडे जायला नको.

एकाच कढईत लसूण, टोमॅटो, कोरडा पास्ता आणि तो जेमतेम बुडेल एवढं पाणी. पास्त्याचा स्टार्च त्याच पाण्यात उतरतो, म्हणून रस दाट होतो. कोळंबी अगदी शेवटी; दोन-तीन मिनिटांत गुलाबी होऊन वळली की गॅस बंद, नाहीतर चिवट होते.

जेवण झकास झालं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. वडोदऱ्यात, दांडिया बाजारात, आपली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या. देशातल्या राज्यांत सर्वांत लांब समुद्रकिनारा गुजरातचाच, वेरावळ बंदराची मासळी तर परदेशी जाते. शेजारीही जीव लावणारे, कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मग आपणच एवढं अंग चोरून का शिजवतो? तुमच्याकडेही असंच चालतं का?