आईने पाणी विचारलं

रविवार, रात्री

आज आईने विचारलं नाही. दर फोनला, ठेवायच्या जरा आधी, आवाज खाली आणून ती विचारतेच, "मग, कधी येतोयस?" मी पण ठरलेलं सांगतो, बघतो गं, रजेचं बघतो, आणि मग दोघंही सुटतो. आज ती म्हणाली, "बरं, जप, ठेवते" आणि ठेवला पण. मी बांधावर, एक पाय गवतात टेकलेला, हातात फोन, आणि मागून रेसिंग सायकलवाल्यांचा घोळका काहीतरी ओरडत गेला, बहुतेक बाजूला हो म्हणत असणार, मी हललोच नाही.

आता रात्रीचे साडेदहा, बाहेर अजून उजेडाची रेघ आहे, मे महिना म्हणजे इथे झोपच नाही. पाय दुखतायत. मुद्दा तेवढाच आहे, की विचारलं नाही, बास. एवढ्यावर कोण लिहीत बसतं.

सकाळी स्टेशनमागून फेरी घेतली. ती फुकट आहे हे मला अजूनही खरं वाटत नाही, सायकल घेऊन चढायचं, पाच मिनिटांत पलीकडे. मग अर्ध्या तासात अ‍ॅमस्टरडॅम संपतं. १८७२ सालच्या त्या मोठ्या लॉकगेटांवरून सायकल हातात धरून जायचं, पुढे दुर्गरदामची बांधाला चिकटून एका ओळीत बसलेली लाकडी घरं, आणि मग नुसता बांध. उजवीकडे पाणी, डावीकडे खाली कुरणं, मध्ये मी. मेंढ्या पिल्लांसकट रस्त्यावरच बसलेल्या, त्या उठत नाहीत, आपणच वळसा घालायचा. नकाशा लागत नाही, प्रत्येक फाट्यावर आकड्याची पाटी असते, निघायच्या आधी आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे आणि एकातून दुसऱ्याकडे जायचं. ही आयडिया मूळची बेल्जियमची, १९९५ च्या सुमाराला कोळशाच्या खाणीतल्या एका इंजिनिअरने काढलेली, खाणीच्या बोगद्यांना नंबर असतात त्यावरून. मला ती फार आवडते कारण डोकं वापरावं लागत नाही. आज मात्र डोकं रिकामं राहिलं आणि त्यात आई येऊन बसली.

खरं तर व्हिडिओ मीच लावला होता. तिकडे दीड वाजला होता, तिचं जेवण झालेलं. एरवी मी डॅम चौक दाखवतो, ट्यूलिप दाखवतो, ती "छान छान" करते आणि मागे टीव्ही बघते. आज मी सहज फोन फिरवला, आधी पाणी, मग कुरण, आणि ती एकदम पुढे झुकली. म्हणे, "थांब, परत दाखव. हे पाणी वर आहे आणि शेत खाली?" हो म्हटलं. "खारं का गोडं?"

ऑफिसातली कितीतरी माणसं मी या वाटेने आणलीयत. फोटो काढले, गाई बघितल्या, पॅनकेक खाल्ले. पाणी वर आहे हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, आणि खारं का गोडं हे तर मी स्वतः इथे आलो तेव्हाही विचारलं नव्हतं. आता आई खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठची, तिच्या माहेरी घरामागे तळं, तळ्यात जिताडा आणि तळ्यापलीकडे बांध, तिला हे दिसणारच. उधाणाला बांधाला खांड गेली की रात्री कंदील घेऊन सगळा गाव पळायचा, आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भाताचं नाव नाही, हे लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की आम्ही भावंडं कंटाळायचो.

मग मी तिला सांगितलं की हे आता गोडं आहे. आधी इथे समुद्रच आत आलेला होता, १९१६ च्या जानेवारीत वादळात बांध फुटले आणि हा सगळा भाग पाण्याखाली गेला, मग त्यांनी पार तिकडे वर समुद्राचं तोंडच ३२ किलोमीटरचा बांध घालून बंद केलं, १९३२ मध्ये, आणि नद्यांच्या पाण्याने हळूहळू खारटपणा गेला. ती म्हणाली, "मग मासे?" खाऱ्यातले गेले म्हटलं. ती गप्प झाली. मग ते "बरं, जप, ठेवते."

म्हणजे माशांमुळे विसरली असेल. असं मी आउटदामपर्यंत स्वतःला सांगितलं. तिथून आत वळल्यावर ते टिकेना.

कारण तिथून पुढे आवाजच नाही. एरवी याच्यासाठीच तर जातो मी. दोन्हीकडे चर, चरांना काठोकाठ पाणी, कुंपण नाही कुठे, चर हेच कुंपण, गाय या तुकड्यातून त्या तुकड्यात जाऊच शकत नाही. गाडी एखादीच, ती पण शेतकऱ्याची, आणि तो हात करून जातो. रस्त्याकडेला कंबरेइतकी ती पांढरी बारीक फुलं. आपल्याच चेनचा आवाज येतो, आणि चेनचा आवाज ऐकत माणूस काय करणार, विचारच करणार. ताईने सांगितलं असणार. त्या पासपोर्टच्या कागदांचं. मी तिला बजावलं होतं की अजून काही ठरलेलं नाही, आईला इतक्यात नको. पण ताईच्या पोटात काही राहत नाही आणि आईला न सांगताही कळतं, म्हणजे तसं बघायला गेलं तर… जाऊ दे.

मला वाटलं, सोडून दिलं तिने. इतकी वर्षं विचारलं, आता नाही विचारणार. आणि मला ते विचारणं किती नकोसं व्हायचं, घशात काहीतरी अडकायचं, आणि आज नाही विचारलं तर झाउदरवाउडेच्या चर्चसमोरच्या बाकावर बसून मी चक्क रडवेला झालो. एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले, "तेखनविंड, हं?" म्हणाले, म्हणजे समोरून वारा आहे ना. हो म्हटलं. सगळं वाऱ्यावर ढकलता येतं हा या देशाचा मोठा फायदा आहे.

तिथल्या कुरणात काळ्या शेपटीचे पाणटिवळे होते, लांब चोच, लांब पाय, डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होते, पिल्लं असणार गवतात. २०१५ मध्ये लोकांनी मतं देऊन याला राष्ट्रीय पक्षी केलं, आणि तरी दर वर्षी कमीच होतायत, कारण गवत लवकर कापतात आणि पिल्लं यंत्रात येतात. काही शेतकरी पैसे घेऊन जूनच्या मध्यापर्यंत कापणी थांबवतात, ती शेतं लगेच ओळखू येतात, फुलांनी भरलेली आणि गलका चाललेला. भिगवणला थंडीत दिसतात ते याच जातीचे. मी बरेच दिवस मनात धरून होतो की इथलेच तिकडे जात असतील, आईला तसं सांगितलंही होतं बहुतेक. नाही जात. इथले स्पेन-पोर्तुगालला थांबतात नाहीतर थेट सेनेगलकडे जातात. भिगवणचे वेगळ्याच ठिकाणाहून येतात. हे वाचलं तेव्हा मला उगाचच राग आला होता, कोणाचा ते माहीत नाही.

होलिस्लोटला छोट्या होडीने चर ओलांडला, सायकल आडवी घालून. तिथे गाड्यांचा रस्ता संपतो, म्हणून गाव इतकं शांत. शांत म्हणजे किती, तर घरात कोणीतरी कपबश्या विसळत होतं ते रस्त्यावर ऐकू आलं. कॉफी घेतली, अ‍ॅपल पाय पण घेतला, दुःखात माणसाने खावं. मग रान्सडॉर्पचा तो कळस नसलेला ठोकळा टॉवर आला, मग परत शहर, ट्रॅम, हॉर्न नाही पण सगळ्यांच्या घंट्या, बरं वाटलं चक्क.

घरी येऊन अंघोळ करून बघतो तर व्हॉट्सअ‍ॅपवर आईचा व्हॉइस मेसेज, चार मिनिटांचा. आईने चार मिनिटं. तिचे मेसेज म्हणजे एरवी सुप्रभात आणि गुलाब. मी लावायलाच घाबरलो, आधी भांडी घासली, मग लावला.

"अरे, त्या बांधावर माती कोण टाकतं? गावकी का सरकार? आमच्याकडे आधी प्रत्येक घराचा वाटा असायचा, अमुक इतके हात बांध तुमचा, पुढे सरकारने घेतला आणि मग कोणाचाच राहिला नाही. आणि उघाडीचं दार कुठे आहे? पावसाचं पाणी बाहेर कसं काढतात? बांध वर आणि शेत खाली म्हणजे ओहोटीला पण निघणार नाही. आणि त्या मेंढ्या बांधावर कशाला सोडल्यात, बांध उकरतील ना." मग मध्येच कुकरची शिट्टी, "थांब हां", मग परत बांध. शेवटी म्हणे, मामाला दाखवायचंय, नीट शूटिंग करून पाठव, हलवू नको.

मी दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला तो फक्त शेवटी ते कुठे आहे का बघायला. नाही. तिथेही नाही. पण मग हसायला आलं, कारण मी कागदांचं, पासपोर्टचं, काय काय घेऊन दिवसभर वाऱ्यात फिरलो आणि ती तिकडे दुपारभर उघाडी शोधत होती. किंवा दोन्ही असेल. तिचं तसं असतं, एक गोष्ट बोलायची नसली की दुसरीचा कीस काढते. मी पण कोणावर गेलोय.

उत्तर टाइप करायला बसलो तर लांबतच गेलं. इथे बांधांचं वेगळंच बोर्ड असतं, त्याची निवडणूक होते, त्याचा कर वेगळा येतो, मी भरतो दर वर्षी, शिव्या देत. पाणी पंपाने उपसतात, आपोआप निघतच नाही कारण जमीन समुद्राच्या मीटर-दीड मीटर खाली. आणि उपसलं की ही कुजकट माती सुकते, सुकली की आणखी खचते, मग आणखी उपसा, काही ठिकाणी वर्षाला सेंटीमीटरभर खाली जाते. मेंढ्या उलट मुळं घट्ट करतात म्हणतात, बांध दाबून बसवतात. हे तिला पटणार नाही. पाठवलं.

दिवाळीचं लिहिलं होतं खाली. आपणहून. तिकिटं बघतोय म्हणून. मग ते खोडलं, आधी खरंच बघू दे.

ताईचा मेसेज आला, "आईने मला फोन करून पंप म्हणजे किती हॉर्सपॉवरचा विचारलं, तू तिला काय दाखवलंस??" म्हणजे कागदांचं सांगितलेलं नाही वाटतं. किंवा सांगितलंय आणि साळसूदपणा करतेय. विचारत नाही मी.

पुढच्या रविवारी पंपिंग स्टेशन. दीडला फोन करायचा, सिरीयल लागायच्या आत, आणि फोन आडवा धरायचा, मामाला उभं दिसत नाही.