प्रतिमिलान

रविवार, रात्रीचे पावणेबारा

मावशी झोपली एकदाची. आल्या आल्या आधी आंघोळ केली तिने, डोक्यावरून, रात्री आठ वाजता, आणि मलाही करायला लावली, कारण "स्मशानातून आलोय गं आपण, तशीच स्वैपाकघरात नको शिरूस". मी म्हटलं मावशी अगं ते पार्क आहे, लोक जॉगिंगसारखे फिरत होते, एकाने तर कुत्रं आणलं होतं. तर म्हणे कुत्र्याचं कुत्र्यापाशी. गेले मुकाट्याने. केस अजून ओले आहेत आणि झोप उडालीये म्हणून लिहायला बसले.

पुण्याहून निघतानाच तिने सांगून ठेवलेलं की मला त्या डिस्नेलँडला वगैरे नेऊ नका, पाय दुखतात, मला फक्त परमहंस योगानंदांची समाधी दाखवा. त्यांचं आत्मचरित्र तिचं तीन वेळा वाचून झालंय, मराठीतून, पुस्तकाचं बाइंडिंग सुटलंय इतकं. आता गंमत म्हणजे ही समाधी लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत आहे, आमच्या बरबँकच्या घरापासून पंधरा मिनिटं, आणि मी अकरा वर्षं त्या भल्यामोठ्या लोखंडी गेटवरून जातेय पण कधी आत वळले नाही. दफनभूमीत जाऊन करायचं काय, हाच विचार. आपल्याकडे तर बायका जातच नाहीत ना.

आत गेल्यावर मावशीचं पहिलं वाक्य: "हे काय, ही तर सारसबाग आहे." टेकडीच्या टेकडी हिरवळ, एकही उभा दगड नाही. मी गाडीत बसूनच फोनवर वाचून घेतलेलं, ते सांगितलं, की ही जागा १९०६ पासूनची, पण १९१७ मध्ये ह्युबर्ट ईटन नावाच्या माणसाच्या हातात कारभार आला आणि त्याने ठरवलं की रडकी दफनभूमी नको, उभे थडग्याचे दगड नकोत, झाडं हवीत कारंजी हवीत पुतळे हवेत, प्रेमी जोडप्यांनी इथे फिरायला यावं. म्हणून सगळ्या पाट्या जमिनीला सपाट, गवतात बसवलेल्या. मावशी म्हणाली म्हणजे गवत कापायचं मशीन सरळ वरून जातं. (ती बँकेत होती, तिला सोय आणि हिशोब लगेच दिसतो.)

आणि इथे लग्नंही लागतात हे सांगितल्यावर तर ती जागीच थांबली. वी कर्क नावाचं एक छोटं स्कॉटिश धाटणीचं चर्च आहे आत, १९४० मध्ये रेगनचं पहिलं लग्न तिथेच लागलं, तेव्हा तो नट होता. "स्मशानात लग्न? मुहूर्त कोण काढून देतो यांना?" मग स्वतःच, "आणि टिकलं का?" नाही टिकलं. "बघ."

समाधीचं लिहायचं तर ग्रेट मॉसोलियम म्हणून मोठी दगडी इमारत आहे, आत एकदम गार, संगमरवर, बोललं की आवाज घुमतो म्हणून आपोआप कुजबुज सुरू होते. फोटो काढायचे नाहीत. मायकल जॅक्सन याच इमारतीत आहे पण तो भाग बंद असतो. योगानंद मात्र एका साध्या दालनात, भिंतीतल्या एका कप्प्यात, बाहेर नावाची पाटी. ७ मार्च १९५२ ला गेले, लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात, भारताच्या राजदूतांसाठी मेजवानी होती, बोलता बोलताच कोसळले. नंतर इथल्या शवागाराच्या प्रमुखाने लिहून दिलं की वीस दिवस झाले तरी देह खराब झाल्याची काही खूण दिसली नाही. ते पत्र मावशीला जवळजवळ पाठ आहे. मला उगाच वाटत होतं की भिंतीतला ड्रॉवर बघून तिचा हिरमोड होणार, समाधी म्हटल्यावर तिच्या डोळ्यासमोर आळंदी असणार. तसं काही झालं नाही. "संन्याशाला जाळत नाहीतच", एवढंच म्हणाली, कपाळ त्या गार दगडाला टेकवलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. शेजारी एक गोरं जोडपं खाली मांडी घालून बसलेलं, ताठ पाठ, डोळे मिटलेले. मी एकटीच तिथे काय करावं न कळून पर्समध्ये टिश्यू शोधत होते.

खरं तर तिथून निघायचं होतं. पण बाहेर येताना कळलं की इथे लास्ट सपर आहे, लिओनार्दोचं ते येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, पण काचेतलं, आणि ते दाखवायची वेळ झालीये. म्हटलं बसू, मावशीच्या पायांना तेवढाच आराम.

तो हॉल म्हणजे मायकेलअँजेलोच्या मूर्तींच्या प्रतिकृतींनी भरलेला. पिएता आहे (मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी), मेरी आणि बाळ आहे, बाहेर डेव्हिड पण आहे (बिचारा दर भूकंपात पडतो, १९७१ ला पडला, १९९४ ला पडला, २०२० मध्ये तर भूकंपाशिवायच पडला, परत नवा आणून उभा करतात). मी जरा तोंड वाकडं केलं. पुटपुटले पण, की सगळं कॉपी आहे मावशी, इटलीतलं खरं ते हे नाही.

"मग? केतकावळ्याला काय होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. आईला तिरुपतीला जायचं होतं, आयुष्यभर, आधी पैसे नव्हते, मग बाबांचं आजारपण, मग तिचे गुडघे. शेवटी मावशीनेच तिला पुण्याजवळच्या केतकावळ्याला प्रतिबालाजीला नेलं, गाडी करून, तासाभराच्या अंतरावर. आई लाडू घेऊन आली आणि मला फोनवर म्हणाली, "झाला बाई माझा बालाजी." मी तेव्हा इथून हसले होते. आई, तो डुप्लिकेट आहे गं, असंही म्हटलं बहुतेक. म्हटलंच.

आपल्याकडे तसं सगळंच प्रति असतं की. शिरगावची प्रतिशिर्डी, वडाळ्याचं प्रतिपंढरपूर, आणि घरातल्या देव्हाऱ्यातल्या विठोबाला कोण विचारतं तू ओरिजिनल का म्हणून. गणपती तर दरवर्षी साच्यातून निघतो. आणि मी इथे पिएताला सर्टिफिकेट मागत होते.

तर पडदा. अंधार, रेकॉर्ड केलेलं निवेदन, मग हळूहळू पडदा सरकतो आणि पाठीमागच्या उजेडात ते अख्खं टेबल उजळतं. साधारण ३० फूट लांब, १५ फूट उंच. लिओनार्दोचं चित्र जसंच्या तसं, पण रंग असे की बोट लावलं तर बोटाला लागतील, येशूचा लाल झगा, निळं उपरणं, मागच्या खिडक्यांमधलं संध्याकाळचं आकाश. मावशी मोठ्यांदा म्हणाली, "जिलेटिन पेपर!" पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. पण बरोबर होतं तिचं, आकाशकंदिलात दिवा लावल्यावर पहिल्या क्षणी जे होतं तेच होत होतं. मग कानाशी येऊन सांगत बसली की त्यांच्या आजोळी, देवरुखजवळ, माडीच्या खिडकीला वरची तावदानं रंगीत होती, लाल हिरवी पिवळी, आणि सकाळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती उन्हं पडायची, तर तिची नि माझ्या आईची भांडणं व्हायची की लाल उनात कोण बसणार. हे मी पहिल्यांदा ऐकलं. आईने कधी सांगितलं नाही.

मिलानच्या मठातल्या मूळ चित्राची अवस्था मला माहीत होती, लिओनार्दोने ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं, त्यामुळे त्याच्या हयातीतच रंगाचे पोपडे निघायला लागले, मग १६५२ मध्ये मठवाल्यांनी त्याच भिंतीत दरवाजा पाडला आणि येशूचे पायच गेले, १९४३ मध्ये तर बॉम्ब पडून आजूबाजूची इमारत कोसळली, ही भिंत कशीबशी वाचली. ईटनने ते विटत चाललेलं चित्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की हे काचेत करून घ्यायचं, म्हणजे रंग उडायला नको. आणि ते कोणाकडून, तर पेरुजाच्या रोझा कासेल्ली मोरेत्ती या बाईकडून. घरचाच कारखाना, १८५९ पासूनचा, काचेवर रंगवायची विद्या घरातच एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली. खिडकी इथे खुली झाली १९३१ मध्ये.

हे काम कसं चालतं ते मला थोडं ठाऊक आहे, कारण इथे मी एकदा चार शनिवारांचा क्लास केला होता (एक वेडावाकडा पोपट केला, बाथरूमच्या खिडकीत लटकतोय). रंगीत काच मुळात भट्टीतच रंगीत होते, काच वितळलेली असताना त्यात कोबाल्ट घातलं की निळी, सोनं किंवा तांबं घातलं की लाल. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या मात्र वरून रंगवायच्या, तो रंग म्हणजे धातूची भुकटी नि काचेची पूड, आणि तो काचेत मुरावा म्हणून तुकडा परत भट्टीत. प्रत्येक थराला नवी भट्टी. आणि दर वेळी धास्ती, कारण एकीकडून लवकर निवली की काच तडकते, टिक्‌ असा छोटासा आवाज येतो बस. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. माझ्या पोपटाची चोच दोनदा तडकली तेव्हा मी क्लास सोडायच्या बेतात होते, आणि तो साधा पोपट होता.

तर निवेदनात सांगतात की सगळे झाले, येशू झाला, बाकीचे शिष्य झाले, पण जूडास काही होईना. भट्टीत तडकायचा. पाच वेळा तडकला. मग रोझाबाईने कळवलं की आता सहाव्यांदा करते, पण या वेळी फुटला तर मी हे काम सोडून देणार. सहाव्यांदा टिकला.

मावशीला मी जूडास कोण ते कुजबुजत सांगितलं, तीस नाण्यांसाठी गुरूला पकडून दिलं तो, बघ येशूच्या बाजूला आपल्या डाव्या हाताला, मुठीत पिशवी धरलेला, चेहरा सावलीतला. तिने चष्मा पुसून नीट बघितलं. म्हणाली, "मग त्याच्यासाठी एवढं कशाला जिवाचं रान करायचं, नसता घातला." मग मिनिटभराने, पडदा सरकायला लागला तेव्हा, "नाही पण, ताट रिकामं दिसलं असतं."

एवढंच. मी उगीच त्यावर विचार करत बसले, ती तोवर उठून बाथरूम शोधायला लागलेली.

मग वर टेकडीवर यान स्टिका या पोलिश चित्रकाराचं क्रूसाचं चित्र पाहिलं, १९५ फूट लांब आणि ४५ फूट उंच, म्हणजे आमची कोथरूडची बिल्डिंग आडवी टाका. तेही पडद्यामागे, तेही निवेदनासकट, आणि खरं सांगू, मला ते फार झालं, मान दुखली. पण त्याची गोष्ट भारी आहे, स्टिका ते १९०४ च्या सेंट लुइसच्या जत्रेला घेऊन आला आणि एवढं मोठं चित्र लावायला जागाच मिळेना, मग ते त्याच्या हातूनच गेलं, आणि चाळीसेक वर्षांनी शिकागोच्या एका ऑपेराच्या तळघरात टेलिफोनच्या खांबाला गुंडाळलेलं सापडलं. ईटनने आणून त्याच्यासाठी अख्खा हॉल बांधला, १९५१ ला उघडला. चित्रात येशूला अजून क्रूसावर चढवलेलं नाही, नुसता उभा आहे वर बघत. मावशीला हे आवडलं. रक्त नाही ना, म्हणाली.

येताना जंगल बुकवाल्या किपलिंगच्या नावाशी जोडलेलं चर्च लागलं, चर्च ऑफ द रिसेशनल, इंग्लंडमधल्या रॉटिंगडीनच्या चर्चसारखं बांधलेलं, तो तिथे राहायचा म्हणून. नाव त्याच्या कवितेवरून. मी सहज म्हटलं हा किपलिंग म्हणजे आपल्या मुंबईचाच, जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेला, तर मावशी, "मला सांगतेस? तुझे काका जेजेचे." हो की, विसरलेच मी. लग्न ठरल्यावर काकांनी तिला तो हिरवा बंगला दाखवायला नेलं होतं. गुलमोहराखाली भेळ खाल्ली म्हणे.

चर्चच्या समोर बाक होता, तिथे बसलो. मी आणलेली सँडविचं काढली, आधी विचारलं इथे खायचं चालेल ना तुला, तर म्हणाली आता बसलोच आहोत तर दे. खाता खाता, समोरच्या उतारावर कोणीतरी बाई घडीची खुर्ची टाकून बसली होती, गवतातल्या पाटीशेजारी, एकटीच, कोडं सोडवत असावी, हातात पेन होतं. मावशी तिच्याकडे बघत होती.

"मी तुझ्या काकांना दारापर्यंतच सोडलं," ती म्हणाली. "फाटकापर्यंत पण नाही. वहिनींनी धरून ठेवलं होतं. वैकुंठ स्मशान आपल्या घरापासून किती, रिक्षाने दहा मिनिटं. अजून बघितलेलं नाही मी आतून."

मी काही बोलले नाही. मी तर आईच्या वेळी पाचव्या दिवशी पोचले, अस्थी सुद्धा आळंदीला जाऊन आलेल्या. आम्ही दोघींनी सँडविच संपवलं. ती बाई पण मग खुर्ची घडी करून, पाटीवरचं गवत पायाने जरा बाजूला सारून, निघून गेली.

घरी येऊन आंघोळ, वरणभात, लिंबाचं लोणचं. जेवून झाल्यावर मावशीने पुण्याला फोन लावला, तिथे सकाळ झालेली, स्पीकरवरच बोलते ती. वहिनींना आधी समाधीचं सांगितलं, कपाळ टेकवलं ते सांगितलं, पत्राचं परत सांगितलं. मग म्हणाली, "आणि ते मिलानचं लास्ट सपर पण झालं माझं. अहो नाही, इटलीला कुठे, इथेच. काचेचं आहे. बरं झालं ना, तेवढाच प्रवास वाचला."

मी भांडी घासत होते. हसले नाही. उद्या तिला योगानंदांच्याच लेक श्राइन आश्रमात न्यायचंय, पार्किंग बघून ठेवायला हवं, आणि ओल्या केसांनी झोपले तर सकाळी डोकं धरणार.