सात आठवडे

काखेजवळ गाठ हाताला लागली त्या रात्री मी गुडघे टेकून प्रार्थना केली. दुसऱ्या रात्रीही. असे सात आठवडे गेले आणि डॉक्टरांकडे मी गेलेच नाही. धाकट्या बहिणीने विचारलं तेव्हा म्हणाले, "मी ते प्रभूच्या हाती सोपवलंय गं." ती गप्प झाली. अशा उत्तरावर कोण काय बोलणार?

सोपवलं काहीच नव्हतं. रिपोर्टमध्ये काय निघेल याची भीती होती, आणि त्या भीतीलाच मी विश्वास म्हणत होते. खरंच सोपवलं असतं तर रात्री तीन-तीनदा उठून गाठ चाचपली नसती.

मग रोजच्या बायबल वाचनात '२ राजे' या पुस्तकाचा अध्याय २० आला. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाला टेकलेला. तो भिंतीकडे तोंड करून रडतो आणि 'तू मरणार' असा निरोप देऊन निघालेल्या यशया संदेष्ट्याला देव माघारी पाठवतो: मी तुला बरं करतो, तिसऱ्या दिवशी तू मंदिरात जाशील, तुझं आयुष्य १५ वर्षं वाढवतो. हा अध्याय मी कितीदा वाचला असेल, पण सातव्या ओवीवर कधी थांबले नव्हते. अभिवचन आणणारा तोच यशया सांगतो, अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधतात आणि राजा बरा होतो. म्हणजे देवाने शब्द दिल्यावरही कुणीतरी उठून अंजीर आणायला गेलं. त्या माणसाचा विश्वास कमी पडला, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

दुसऱ्या दिवशी वेळ घेतली. सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. रिपोर्टला पाच दिवस होते आणि आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं. बायबलच्या 'निर्गम' पुस्तकात, अध्याय १४ मध्ये, मिसरी सैन्य पाठीशी आलेलं असताना तांबड्या समुद्रापाशी मोशे आपल्या इस्राएली लोकांना शांत राहायला सांगतो आणि लगेच पुढच्या ओवीत देव म्हणतो, माझा धावा का करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. या दोन ओव्यांचा मेळ मला कधी लागत नसे. त्या पाच दिवसांत थोडा लागला. जायचं तिथे जाऊन आल्यामुळे शांत बसता आलं. चौथ्या रात्री मात्र खूप रडले, प्रभूसमोरच.

गाठ साधी निघाली. हे पुरावा म्हणून सांगत नाही. वाईट निघाली असती तरी अंजिरांबद्दल मी हेच लिहिलं असतं.

बहिणीला फोन करून त्या उत्तराची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, ते सातही आठवडे मी देवाकडे एकच मागत होते, तू दवाखान्यात जावंस."