द व्हेट इज वेट

ऑफिसातल्या बाईंनी टॅबलेटवर माझं नाव टाइप करता करता विचारलं, “व्ही की डब्ल्यू?”

“व्ही,” मी म्हटलं. “वैशाली.”

“म्हणजे डब्ल्यू?”

शेवटी मी कार्डच पुढे सरकवलं. मुलांसोबत काम करायचं तर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात पडताळणीचं कार्ड लागतं, ते नसेल तर शाळेच्या दाराच्या आत पाऊल टाकता येत नाही. त्यावर छापलेलं बघून बाई “ओह, व्ही!” म्हणाल्या आणि गळ्यात अडकवायला पट्टा दिला. तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. दिवसभर काय वाढून ठेवलंय याची ती वर्दी होती, हे मला कळायला अजून दोन तास होते.

हा माझ्या प्लेसमेंटचा पहिला दिवस. इथे प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणं नव्हे, आपल्या डी.एड.ची आंतरवासिता समजा. शिक्षक होण्यासाठीच्या दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये किमान ६० दिवस खऱ्या वर्गात उभं राहायचं, मेंटॉर शिक्षिका मागे बसून बघणार. पगार नाही. जुलै २०२५ पासून सरकार या काळासाठी गरजू विद्यार्थ्यांना आठवड्याला ३०० हून जास्त डॉलर देतं, पण ते इथल्यांना. आम्ही व्हिसावाले त्यात बसत नाही. आम्हाला पंधरवड्याला ४८ तास कामाची मुभा आहे. प्लेसमेंटचे तास त्यात धरत नाहीत, ही मेहेरबानी. पण दिवसभर शाळा करून रात्री किराणा दुकानात डबे रचायला अंगात जीव कुठून आणायचा, ते ज्याचं त्याने बघायचं. असो.

मला स्वतःला मात्र फार काळजी नव्हती. बार्शीत तीन वर्षं पहिलीला शिकवलं होतं. पन्नास-पन्नास पोरं, दोन पंखे, त्यातला एक बंद. पाठटाचण न बघता तासभर वर्ग धरून ठेवणारी बाई मी. इथे तेवीस मुलं, खाली गालिचा, वर एसी. म्हटलं, हे तर सुट्टीला आल्यासारखं आहे.

मेंटॉर बाईंनी आधी वर्ग दाखवला. खडू-फळा कुठे, मुलांच्या पिशव्या कुठे, हे सगळं भराभर. मग दाराजवळ थांबल्या. भिंतीवर एका मुलीचा फोटो, खाली लाल-निळ्या रकान्यांत सूचना. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. जीभ सुजली, श्वास लागला तर आधी आडवं करायचं (श्वास घेणं जड जात असेल तर बसवायचं), चालू द्यायचं नाही, मांडीला इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्स. इंजेक्शनची थैली कुठे टांगलीय, ते त्यांनी मला हात लावून बघायला सांगितलं. “शेंगदाण्यावर बंदी नाही आमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “बंदी म्हटलं की लोक निर्धास्त होतात. आम्ही सावध राहतो, बस. आणि जेवण वर्गातच असतं, मुलांसोबत.”

माझ्या डब्यात होती ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सोलापूर जिल्ह्यातली मुलगी पहिल्या दिवशी दुसरं काय नेणार? पहाटे पाचला उठून खलबत्त्यात कुटलेली, लसूण घालून. मी डबा पिशवीच्या तळाशी ढकलला, पिशवी स्टाफरूमच्या कपाटात ठेवली आणि कोपरापर्यंत हात धुतले. आपल्या स्वयंपाकात कुठे कुठे कूट असतं याची यादी मी तेव्हा पहिल्यांदा मनात केली. कोशिंबीर, भरलं वांगं, खिचडी, भेंडीसुद्धा. संपेचना.

नऊला मुलं आली. मी सवयीने वाट बघत होते की सगळी उठून “एऽऽक साऽऽथ नमस्ते” करतील. एक चष्मेवाली मुलगी आली, माझ्या पट्ट्याकडे बघून म्हणाली, “तू खरी टीचर आहेस की शिकतेयस?” मी म्हटलं, शिकतेय. “मीपण,” म्हणाली आणि गेली.

पहिला तास फोनिक्सचा. २०२५ पासून इथल्या सरकारी शाळांत प्रेपपासून (पहिलीच्या आधीचं वर्ष) दुसरीपर्यंत रोज किमान २५ मिनिटं हे असतं: आवाज आधी, शब्द नंतर. मेंटॉर बाईंनी माझ्या हातात कार्डांचा गठ्ठा दिला. मी पहिलं कार्ड दाखवून ठणठणीत म्हटलं, “म!” त्यांनी मागून हळूच मान हलवली. मुलं गालिच्यावर मांडी घालून बसलेली, त्यांनीही मान हलवली. “म नाही,” बाई म्हणाल्या, “म्म्म्. शेपटी नको.”

ही शेपटी म्हणजे अ. आपल्या क, म, ट मध्ये तो जन्मतःच असतो, म्हणून क-म-ळ वाचलं की झालं कमळ. इंग्रजीत तसं म्हटलं तर मुलाला ‘कॅट’ जुळवताच येत नाही, तो ‘क-ॲ-ट’ असं लांबत लांबत कुठल्या कुठे जातो. त्याला हवा क्, हवा ट्. बाई समजावत होत्या आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला: अगं, हा तर पाय मोडलेला म! बार्शीत मी शेकडो वेळा फळ्यावर पाय मोडून दाखवलाय. पुढची वीस कार्डं मी मनातल्या मनात एकेकाचा पाय मोडत सरळ घेतली. बाईंनी अंगठा दाखवला. चढले मग मी हरभऱ्याच्या झाडावर.

त्यानंतर श्रुतलेखन. मुलांच्या हातात पाटीएवढे पांढरे फळे आणि मार्कर. मी वाक्य वाचायचं, त्यांनी लिहायचं, हनुवटीखाली धरून दाखवायचं. वाक्य बाईंनीच काढलेलं, मागच्या वर्षीच्या उजळणीतलं. चार शब्द. गुरांचा डॉक्टर ओला आहे.

मी वाचलं: “द व्हेट इज वेट.”

मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा वाचलं, जरा सावकाश. मार्कर चालले. फळे वर आले. मी ओळीने वाचत गेले. काहींनी लिहिलं होतं ‘ओला ओला आहे’. काहींनी ‘डॉक्टर डॉक्टर आहे’. एकाने दोन्ही उलट करून ‘ओला डॉक्टर आहे’. बरोबर वाक्य होतं ते चौघांचं, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या फळ्यात डोकावताना मी बघितला होता.

चष्मेवालीने हात वर केला. “ओला ओला कसा असेल?”

आता मराठी वाचणाऱ्यांना मी काय सांगू? मी व्हेट वेगळं म्हटलं होतं, वेट वेगळं म्हटलं होतं. आपण यासाठी व्ह शोधून काढलेलाच आहे. व्हॅन, व्हिडिओ, व्हरांडा. आयुष्यभर मला वाटत आलं की प्रश्न मिटला. पण आपला व्ह म्हणजे व ला दिलेला ह चा धक्का. वारा सुटतो, दात कुठेच टेकत नाहीत. आणि आपला साधा व ओठांचा चंबू करत नाही. म्हणजे मी दोन वेगळे आवाज काढले खरे, पण त्या सहा वर्षांच्या कानांना हवे होते त्यातला एकही नाही. मला फरक ऐकू येत होता, त्यांना नव्हता.

कानशिलं तापली. बार्शीत असं झालं असतं तर “लक्ष कुठे आहे तुमचं?” म्हणून मी पोरांवरच ओरडले असते. खरं सांगते, तोंडापर्यंत आलं होतं.

मेंटॉर बाई उठल्या, पण पुढे आल्या नाहीत. म्हणाल्या, “मिस व्हीला तिच्या नावाचा आवाज कोण शिकवेल?” तेवीस हात. मग कपाटातून छोटे आरसे निघाले. प्रत्येकाला एक, मलाही एक. वरचे दात खालच्या ओठावर, अलगद, आणि घशातून भुंगा सोडायचा. ओठाला गुदगुल्या झाल्या तर बरोबर. डब्ल्यूला दात लपवायचे, चुंबन घेतल्यासारखे ओठ. एक मुलगा आवेशाने पुढे येऊन दाखवायला लागला, त्याचे वरचे पुढचे दोन्ही दात पडलेले. तरी भुंगा झकास निघाला. मी आरशात बघून दात टेकवले. पहिल्यांदा फ निघाला. दुसऱ्यांदा थुंकी उडाली. पोरं खूश.

मागच्या रांगेतल्या पटकावाल्या मुलाने तेवढ्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माझी नानीपण असंच बोलते. तिला सगळं समजतं पण.”

त्या ‘पण’वर मी दिवस काढला.

दुपारी मैदानावर निघाले तर दारातच तिघांनी अडवलं: टोपी नाही, खेळ नाही. मार्चमधलं ऊन इथे आपल्यासारखं घाम काढत नाही, नुसती कातडी भाजतं. टोपी नसलेल्या मुलाला सावलीत बसवतात. नियम शिक्षकालाही. बाईंनी ऑफिसातून एक जादाची आणून दिली, तिला आधीच्या कुणाच्यातरी सनस्क्रीनचा वास होता. पिवळं जाकीट, मोठी टोपी, रिकामं पोट. आरशात दिसले असते तर रस्त्यावरची कामगार वाटले असते.

साडेतीनला मुलं गेली. बाईंनी वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं. मला वाटलं श्रुतलेखनाचं येईल आधी. आलं ते असं: “चूक झाल्यावर मुलांवर ढकलली नाही.” मी ओरडायच्या बेतात होते, हे मी काही त्यांना सांगितलं नाही. मग म्हणाल्या, “उद्याचं श्रुतलेखनही तूच घे,” आणि कागदावर वाक्य लिहून दिलं. त्यात पशुवैद्य होता, त्याची गाडी होती, पश्चिम होती आणि खिडकी होती. चारी शब्द बेट्यांनी मुद्दाम वेचलेले.

मेलबर्नच्या फूटस्क्रे उपनगरात परतायची व्ही-लाइन ट्रेन यायला वेळ होता. सहा महिने या गाडीने जातेय, तिचं नाव मी आजवर एकदाही नीट घेतलेलं नाही, हे फलाटावरच्या पाटीकडे बघताना लक्षात आलं. शेवटच्या बाकावर डबा उघडला. भाकरी कडक झाली होती. चटणी मात्र तशीच, लसणाचा वास सगळीकडे. खाताखाता कागद मांडीवर पसरला आणि घास तोंडात असतानाच दात ओठावर टेकवून भुंगा सोडत वाचायला लागले. चटणीचे दोन कण उडाले.

शेजारच्या बाकावरचा माणूस उठला आणि पार पलीकडच्या बाकावर जाऊन बसला.