सायकल बर्मिंगहॅमची, यादी नारायण पेठेची

या जुलैत पुण्याला आले तेव्हा बॅगेत चार पानी प्रश्नपत्रिका होती. बर्मिंगहॅमजवळ एक कारागीर हाताने पोलादी सायकली बांधतो. त्याच्याकडे मी रोड सायकल बांधायला टाकली आहे. मापं घेऊन झाल्यावर त्याने ही पानं माझ्या हातात ठेवली. ब्रेक कुठले, गिअर किती, चाकाला तारा किती, आणि सगळ्यात वर: सायकल चालवणार कुठे? मी लिहिलं, एरवी इंग्लंड, सुट्टीत पुणे. ते वाचून म्हणाला, मग पुण्यात ती दुरुस्त कोण करणार, त्याला विचारून ये.

बांधून घ्यायचं कारण माझी उंची. पाच फूट एक इंच. दुकानातल्या सगळ्यात लहान सायकलीवरही हँडल लांब पडतं, आणि हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. पण पुण्यात कुणाला त्याचं काही नव्हतं. "एवढे पैसे घालून परत लोखंडीच?" हे मामाचं पहिलं वाक्य. त्याला सांगितलं, की बर्मिंगहॅम हे या नळ्यांचं माहेर. तिथल्या खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ साली टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. जोड देताना टोकं तापतात, तिथे जाडी हवी. मधलं वजन उगाच कशाला वाहायचं? १९३५ मध्ये त्याच कंपनीची ५३१ नळी आली आणि पुढे कित्येक वर्षं शर्यतीच्या सायकली तिच्यावर धावल्या. माझी ७२५ नळीची होणार आहे. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि "गंजते ना पण?" विचारलं. गंजते. आतून तेलाचा थर द्यायचा, एवढाच इलाज.

खरी बैठक झाली नारायण पेठेत, आमच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे. त्यांच्या पाटीवर अजून "ओव्हरऑइल करून मिळेल" असंच आहे, आणि ते बदलायची कुणाची छाती नाही. त्यांनी चष्मा लावून यादी हातात घेतली.

चाकांपाशी आम्ही तासभर अडकलो. माझ्या उंचीला रोड सायकलच्या नेहमीच्या ७०० मापाऐवजी थोडं लहान ६५०बी चाक बसतं, म्हणजे पाय घासत नाही. मला वाटलं होतं, काका म्हणतील, हे असलं इथे मिळत नाही. ते म्हणाले, "अगं, रिम किती? ५८४ ना? मग ती साडेसत्तावीसच." बरोबर. डोंगरी गिअरच्या सायकलींचं २७.५ इंची चाक आणि फ्रेंचांचं ६५०बी, दोन्हींच्या रिमचा व्यास ५८४ मिलिमीटर. म्हणजे माझा ३८ मिलिमीटरचा टायर इंग्लंडहून आणावा लागेल, पण ट्यूब पुण्यातल्या कुठल्याही सायकलच्या दुकानात. लगेच पुढचा प्रश्न आला: "व्हॉल्व्हचं भोक केवढं?" हा प्रश्न कारागिराच्या चारही पानांत नव्हता. रोड सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला साडेसहा मिलिमीटरचं भोक लागतं, आणि इथे सहज मिळणाऱ्या ट्यूबला बहुतेक वेळा मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह, त्याला साडेआठ. ठरलं: भोक साडेआठचं, आणि तिकडे असताना बारीक व्हॉल्व्हभोवती रबरी बूच. तारा ३२, साध्या, वाकड्या डोक्याच्या. "सरळ डोक्याची तार तुटली तर मी काय करू, फोन करू तुझ्या गोऱ्याला?"

बॉटम ब्रॅकेटचं, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या भागाचं, मिनिटभरात झालं. दाबून बसवायचा प्रकार करकरतो, म्हणून आट्यांचा जुना ब्रिटिश. उजव्या वाटीचे आटे उलटे असतात, हे मी सांगेपर्यंत काकांचा हात हवेत उलट्या दिशेने फिरलाही होता.

ब्रेकवर मात्र माझं मन मोडलं. तेलावरचे डिस्क ब्रेक मी इंग्लंडमध्ये वापरते, एका बोटाने सायकल थांबते. काकांनी विचारलं, तेल कुठलं? मिनरल ऑइल. शेजारच्या गॅरेजमध्ये कुणी भल्या मनाने मोटारसायकलचं ब्रेक ऑइल घातलं तर आतली रबरं फुगून ब्रेक बाद. सिंहगडावरून भर पावसात उतरताना हा विचार डोक्यात नको. म्हणून केबलने ओढायचे डिस्क ब्रेक, पण दोन्हीकडचे पॅड सरकणारे. जोर थोडा जास्त लावावा लागेल. लावीन.

गिअर शिमानो कंपनीचे, १०५ मालिकेतले, मागे अकरा चकत्यांचे, केबलवाले. बॅटरीचे मी विचारातच घेतले नाहीत. पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते ३४. सगळ्यात हलक्या गिअरला पुढेमागे दोन्हीकडे ३४ दात, म्हणजे पायडलचा एक फेरा तर चाकाचाही एकच, जेमतेम दोन मीटर. मामा म्हणाला, "याहून हळू गेलीस तर पडशीलच."

एका बाबतीत कारागीर आणि काका यांच्यात मी वकील झाले. साखळी एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा मागचा डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती बदलता येणारी ठेवावी, असं कारागिराचं मत. दोन वर्षांपूर्वी माझी अॅल्युमिनियमची सायकल विमानातून येताना खोका चेपला आणि ती पट्टी वाकली. सरळ करायला गेलो तर तुटली. त्या आकाराची दुसरी पुण्यात सापडेना, आणि सुट्टीचे दहा दिवस सायकल गॅलरीत भिंतीला टेकून. "लोखंडाची असती तर पान्याने दाबून सरळ केली असती," काका तेव्हाच म्हणाले होते. आता पट्टी सांगाड्याचाच भाग असेल, पोलादी.

सीटवर मी कुणाचं ऐकलं नाही. ब्रुक्सचं चामडी सीट, १८६६ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या कंपनीचं. पावसात चामडं कशाला, असं तिघांनी तीन वेळा विचारलं. प्लास्टिकची पिशवी घालीन. रंगाचा निर्णय आईचा होता: काळा नको. संपला विषय.

परत येऊन यादी पाठवली. कारागिराला व्हॉल्व्हच्या भोकाची कल्पना फार आवडली, पट्टीबद्दल त्याने हात टेकले, आणि एकच गोष्ट उलट विचारली: पाण्याच्या बाटल्यांसाठी नळीवर जागा दोन ठिकाणी करू की तीन? मी मामाला फोनवर विचारलं.

"दोन बास. गडावर ताक मिळतं."